एन३ नंतर अडकलेली जपानी: बिघाड नेमका कुठे आहे?

जपानी शिकणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची एक तक्रार वर्षातून दोनदा हमखास कानावर येते, कारण जेएलपीटी ही जपानी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षाही वर्षातून दोनदा, जुलैत आणि डिसेंबरात होते. तिच्या एन५ ते एन१ अशा चढत्या पायऱ्या आहेत. एन५, एन४, एन३ हे टप्पे दोन-अडीच वर्षांत एकामागून एक पार पडलेले असतात. त्यानंतर एन२ मात्र एकदा हुकते, दुसऱ्यांदा हुकते, आणि तिसऱ्या वेळी अर्ज भरावा की नाही असा प्रश्न पडतो. तक्रारीचे शब्दही ठरलेले असतात. वाचले की कळते, पण वेळ पुरत नाही. शब्द पाठ आहेत, पण ऐकताना सापडत नाहीत. बोलायला तोंड उघडले की अजूनही एन४ चीच वाक्ये बाहेर पडतात.

यावर केला जाणारा उपायही तितकाच ठरलेला आहे: व्याकरणाचे आणखी एक पुस्तक आणि आणखी हजार शब्दांची यादी. तो बहुधा लागू पडत नाही, कारण बिघाड कुठे आहे हे न पाहताच दुरुस्ती सुरू केलेली असते. गेली काही वर्षे मी पुण्यात एन३ आणि एन२ च्या वर्गांना शिकवते, आणि त्यापूर्वी विद्यार्थिनी म्हणून याच जागी मी स्वतः दोन वर्षे अडकून पडले होते. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की एन३ पर्यंत आपले निम्मे काम मराठी गुपचूप करत असते, आणि ती जिथे हात सोडते तिथेच गाडी थांबते.

आधी गुणपत्रिका नीट वाचावी

एन२ ची परीक्षा १८० गुणांची असून उत्तीर्ण होण्यास ९० गुण लागतात, हे सर्वांना ठाऊक असते. भाषाज्ञान, वाचन आणि श्रवण हे तीन विभाग प्रत्येकी ६० गुणांचे असून प्रत्येकात किमान १९ गुण मिळवावेच लागतात, हेही बहुतेकांनी ऐकलेले असते; पण त्याचा अर्थ निकाल हातात पडेपर्यंत मनावर ठसत नाही. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात मला भाषाज्ञानात ४१, वाचनात ३८ आणि श्रवणात १७ गुण मिळाले. बेरीज ९६ झाली आणि मी अनुत्तीर्ण ठरले. त्यानंतर मी काय केले, तर व्याकरणाचे एक जाडजूड पुस्तक विकत आणले आणि ज्या विभागात मला सर्वांत जास्त गुण होते त्याचाच दोन महिने अभ्यास केला. आज हे लिहिताना हसू येते, परंतु दर सहामाहीत निदान तीन-चार विद्यार्थी माझ्यासमोर नेमके हेच करत असतात.

गुणपत्रिकेच्या तळाशी शब्द आणि व्याकरण यांच्यापुढे ए, बी किंवा सी असे अक्षर छापलेले असते. ६७ टक्के वा त्याहून अधिक उत्तरे बरोबर असतील तर ए, आणि ३४ टक्क्यांहून कमी असतील तर सी. वरचे गुण समायोजित, म्हणजे परीक्षेच्या काठिण्यानुसार जुळवलेले, असल्याने त्यांवरून किती प्रश्न बरोबर आले ते काढता येत नाही, म्हणून हे अक्षर अधिक उपयोगाचे आहे. दोन्हीकडे ए असून वाचनात गुण कमी असतील, तर नवे शब्द आणि नवे व्याकरण पाठ करून फारसा फरक पडणार नाही. अडचण वाक्य उलगडण्याच्या वेगात आहे. व्याकरणापुढे ए आणि शब्दांपुढे सी असेल तर अडचण बहुधा कांजीच्या, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्राक्षरांच्या, जोडशब्दांत आहे. श्रवण एकटेच मागे पडले असेल, तर पुस्तके काही दिवस बाजूला ठेवावीत.

एक गोष्ट येथेच स्पष्ट करावी लागेल. डिसेंबर २०२५ पासून गुणपत्रिकेवर सीईएफआर या युरोपीय मोजपट्टीनुसार पातळीही दिली जाते. त्या हिशेबाने एन२ मध्ये ९० ते १११ गुण म्हणजे बी१, आणि ११२ च्या पुढे बी२. म्हणजे काठावर एन२ झालेला विद्यार्थी त्या मोजपट्टीवर अजून मध्यम पातळीवरच आहे. एन२ झाले की आपण प्रगत झालो, या समजुतीतून पुढची निराशा जन्माला येते, म्हणून ती आधीच दूर केलेली बरी.

मराठीचा आधार कुठे संपतो

मराठीभाषकाला जपानी सुरुवातीला सोपी जाते, याचे कारण वाक्यरचना हे आहे. क्रियापद शेवटी येते, विभक्तीचे प्रत्यय नामामागून येतात, आणि ‘करून पाहणे’, ‘करून ठेवणे’, ‘करून टाकणे’ या आपल्या संयुक्त क्रियापदांना ‘ते मिरु’, ‘ते ओकु’, ‘ते शिमाउ’ असे जवळजवळ तंतोतंत जोडीदार मिळतात. काच फुटणे आणि काच फोडणे यांतील फरक ‘वारेरु’ आणि ‘वारु’ या जोडीत जसाच्या तसा आहे. इंग्रजीतून जपानीकडे येणाऱ्याला हे सारे घासूनपुसून शिकावे लागते. आपण मात्र मराठी वाक्याचे शब्द बदलत जातो आणि जपानी वाक्य तयार होते.

एन२ च्या उंबरठ्यावर हीच सवय आडवी येते. ‘हाझु दा’ आणि ‘वाके दा’ ही जोडी घ्या. बहुतेक वह्यांमध्ये दोन्हींपुढे ‘असणार’ एवढाच अर्थ लिहिलेला आढळतो. एखादा मनुष्य तीन वर्षे जपानात होता, तेव्हा त्याचे जपानी चांगले असणार, असा आपण केवळ तर्क करत असू, तर ‘हाझु’. त्याचे अस्खलित जपानी आधी ऐकले, आणि तो तीन वर्षे तिकडे होता हे मागाहून कळले, तर ‘अच्छा, मग चांगले असणारच’ हा उद्गार म्हणजे ‘वाके’. मराठीत हा सारा फरक एका ‘च’ मध्ये सामावलेला आहे, आणि वहीत अर्थ उतरवताना नेमका तो ‘च’ गळून पडतो. ‘आमे नि फुरारेता’ या कर्मणी रचनेचा शब्दशः अर्थ ‘पावसाकडून पडले गेले’ असा होतो आणि विद्यार्थी चक्रावतो. पण ‘पावसाने गाठले’ असे लिहून ठेवले तर त्यातील त्रासाची छटा लगेच समजते. तेव्हा मराठी सोडून द्यावी असे मी म्हणत नाही. अर्थाच्या रकान्यात एक शब्द लिहिण्याऐवजी, आपण घरात त्या प्रसंगी जे वाक्य बोललो असतो ते लिहावे.

वाचनाचा वेग

एन२ मध्ये भाषाज्ञान आणि वाचन यांना मिळून १०५ मिनिटे मिळतात. शब्द आणि व्याकरण साधारण ४० मिनिटांत उरकून उरलेला वेळ उताऱ्यांसाठी राखावा, असा माझा आग्रह असतो. तरीही शेवटचे दोन उतारे राहून जातात, आणि विद्यार्थी म्हणतो की मला वेळ आणखी हवा होता. वेळ वाक्य दोनदा वाचण्यात गेलेला असतो.

असे का होते, ते एका उदाहरणावरून पाहू. ‘सेन्श्यू तोशोकान दे कारिता, चिचि गा गाकुसेइ नो कोरो नि योन्दा तो इउ होन’ या शब्दसमूहात वाक्य अजून सुरूसुद्धा झालेले नाही. हे सारे शेवटच्या ‘होन’ या एका नामाचे, म्हणजे पुस्तकाचे, विशेषण आहे. मराठीत आपण ‘गेल्या आठवड्यात ग्रंथालयातून आणलेले पुस्तक’ इथपर्यंत सहज जातो. त्यात ‘वडिलांनी विद्यार्थिदशेत वाचले होते असे ते सांगतात’ ही भर पडली की आपण धातुसाधिताचा मार्ग सोडून ‘जे पुस्तक… ते’ अशी फोड करतो. जपानीत ‘जे–ते’ ही सोय नाही. जे काही सांगायचे ते नामाच्या आधी रचत जायचे, आणि वाचणाऱ्याने ते ओझे नाम येईपर्यंत डोक्यावर वाहायचे. त्यामुळे ‘कारिता’ हे क्रियापद दिसताच वाक्य संपले असे समजून विद्यार्थी मनात भाषांतर करून मोकळा होतो, पुढे ‘होन’ आले की चूक उमगते, आणि तो पुन्हा ओळीच्या सुरुवातीला जातो.

यावर माझा उपाय पेन्सिलीचा आहे. साधारण चारशे अक्षरांचा उतारा घ्यावा. प्रत्येक वाक्याच्या शेवटचे क्रियापद आधी अधोरेखित करावे, मग त्याचा कर्ता शोधून त्याला गोल करावा, आणि साध्या भूतकाळी रूपाला लगेच नाम चिकटलेले दिसले की त्या नामापासून मागे कंस ओढावा. पहिले दहा-बारा उतारे अतिशय संथ जातात. साधारण तिसऱ्या आठवड्यात हाताला कंस ओढावासा वाटत नाही, कारण डोळाच तो ओढू लागतो. तेव्हा घड्याळ लावावे, त्याआधी नको. आपण अजूनही भाषांतर करूनच वाचतो आहोत का, हे पाहण्याची सोपी चाचणी अशी: उतारा झाकून त्याचा सारांश दोन जपानी वाक्यांत सांगावा. मोडक्यातोडक्या का होईना, पण जपानीत वाक्ये आली तर ठीक. आशय पूर्ण आठवतो, पण फक्त मराठीतच आठवतो, असे असेल तर वाचन झालेले नाही, भाषांतर झाले आहे.

काय वाचावे याबद्दल दोन शब्द. सोप्या जपानीतल्या बातम्या एन३ नंतर पुरेशा नाहीत; त्या वाचून बरे वाटते एवढेच. उलट, उत्साहाच्या भरात काही विद्यार्थी थेट आओझोरा बुन्को या १९९७ पासून चालणाऱ्या मोफत संकेतस्थळावरच्या जुन्या साहित्याकडे वळतात आणि पहिल्याच पानावर हात टेकतात. तेथे एकाच कथेच्या कधीकधी दोन प्रती असतात, आणि १९४६ पूर्वीच्या कानालेखनातील (काना म्हणजे जपानीची उच्चारदर्शक अक्षरे) प्रत उघडली गेली तर ओळखीचे शब्दही ओळखू येत नाहीत. प्रतीच्या माहितीत ‘शिन्जी शिन्काना’, म्हणजे नवी अक्षरे व नवे लेखन, असे लिहिले आहे याची खात्री करावी. माझ्या मते या टप्प्यावर सर्वांत उपयोगी वाचन म्हणजे स्वतःच्या विषयाचे: वाणिज्यच्या विद्यार्थ्याने अर्थविषयक लेख, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने यंत्रांविषयीचे. आशय आधीच माहीत असल्याने सारे लक्ष भाषेकडे देता येते.

शब्द: यादी नव्हे, जोड्या

२०१० मध्ये परीक्षेची पुनर्रचना झाल्यापासून शब्दांची किंवा कांजींची अधिकृत यादी प्रसिद्ध होत नाही. बाजारात मिळणाऱ्या याद्या अंदाजाने बनवलेल्या असतात. नित्योपयोगी म्हणून ठरवलेल्या २,१३६ कांजी समोर ठेवून त्या एकेक करून घोकणे हा एक मार्ग झाला, परंतु तो लांबचा आहे.

जवळचा मार्ग दाखवायला मराठी पुन्हा मदतीला येते. आपण पाणी पितो. पण धरणात जलसाठा असतो आणि नदीतून जलवाहतूक होते. सुटा शब्द देशी आणि जोडशब्द संस्कृत, ही आपली सवय. जपानीत सुटे पाणी ‘मिझु’, पण नळयोजना ‘सुइदोओ’ आणि अत्तर ‘कोओसुइ’. येथे संस्कृतचे काम चिनीतून आलेले उच्चार करतात. एन३ पर्यंतचे शब्द बहुतांशी ‘पाणी’ गटातले असतात आणि एन२ पासून ‘जल’ गटाचा पूर येतो. हे एकदा लक्षात आले की कांजीचा चिनी उच्चार ही किल्ली ठरते, आणि तो अनेकदा अक्षराच्या उजव्या अर्ध्या भागातच दडलेला असतो. निळ्या रंगाचे जे अक्षर, त्याचा चिनी उच्चार ‘सेइ’. त्याच्या डावीकडे पाण्याचे चिन्ह लावले की निर्मळ, सूर्याचे लावले की निरभ्र, वाणीचे लावले की विनंती, तांदळाचे लावले की निवडून शुद्ध केलेले. आणि या चारही अक्षरांचा उच्चार ‘सेइ’च. अशी कुटुंबे करून शिकलेले अक्षर अनोळखी जोडशब्दातही वाचता येते. नियमाला अपवाद आहेत, पण अपवादांच्या भीतीने नियम सोडण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. शब्द येतो, पण त्याच्यासोबत कोणते क्रियापद येते ते येत नाही. मराठीत नट भूमिका करतो, पण संस्था भूमिका बजावते. उपाय योजतात, निर्णय घेतात, मत मांडतात. परभाषिकाने ‘संस्थेने मोठी भूमिका केली’ असे म्हटले तर आपल्याला ते चटकन खटकते. जपानीत भूमिका म्हणजे ‘याकुवारि’ आणि तिचे क्रियापद ‘हातासु’. उपाय म्हणजे ‘ताइसाकु’ आणि त्याचे ‘कोओजिरु’. आपण सगळीकडे ‘सुरु’ (करणे) लावून वेळ मारून नेतो आणि ऐकणाऱ्या जपानी माणसाला ते तितकेच खटकते, फक्त तो तसे बोलून दाखवत नाही. म्हणून सुट्या शब्दाचे कार्ड करू नये. नाम आणि क्रियापद यांची जोडी एका लहान वाक्यात बसवून त्याचे कार्ड करावे. अंकी हे उजळणीची कार्डे दाखवणारे ॲप बहुतेकांच्या फोनमध्ये असतेच, आणि त्याचे नावच मुळी ‘पाठांतर’ या अर्थाचा जपानी शब्द आहे. रोज दहा नवी कार्डे पुष्कळ झाली. पन्नास लावणारे विद्यार्थी अंतर्गत परीक्षेच्या आठवड्यात चार दिवस चुकतात, साचलेली उजळणी पाहून घाबरतात आणि ॲप काढून टाकतात.

श्रवण

श्रवणात ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते, त्यामुळे नंतर विचार करू म्हणण्याची सोय नसते. वर सांगितलेल्या १७ गुणांनंतर एका ज्येष्ठ शिक्षिकेने मला तीस सेकंदांचा संवाद ऐकून हिरागाना या उच्चारदर्शक लिपीत जसाच्या तसा उतरवायला सांगितले. त्यात एक स्त्री ‘यात्तोकु ने’ म्हणाली होती, म्हणजे ‘मी करून ठेवते हं’. मूळ ‘यात्ते ओकु ने’, बोलताना आखडलेले. मी मात्र ‘यात्तो’, म्हणजे ‘एकदाचे’, असे ऐकले आणि उरलेल्या ‘कुने’चे काय करावे ते न कळल्याने तिथे रेघ मारली. ‘ते ओकु’ मला एन४ पासून येत होते. मला ते फक्त छापील रूपात येत होते.

अशा आखडलेल्या रूपांची संख्या फार नाही. ‘ते शिमाउ’चे ‘चाउ’, ‘नाकेरेबा’चे ‘नाक्या’ अशी पंधरा-वीस रूपे नीट कानात बसली की संवाद एकदम स्वच्छ ऐकू येऊ लागतो. दीर्घ स्वरांचे दुखणे मात्र चिवट आहे. शिर आणि शीर, दिन आणि दीन हे फरक आपण शाळेत लिहायला शिकलो, पण बोलताना फारसे कोणी पाळत नाही, त्यामुळे आपल्या कानाला स्वराची लांबी मोजण्याची सवयच नसते. जपानीत ‘बिरु’ म्हणजे इमारत आणि ‘बीइरु’ म्हणजे बिअर. ‘ओबासान’ म्हणजे काकू आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. (उलट ‘त्सु’ आपल्याला शिकवावा लागत नाही; ‘चूक’ आणि ‘चुलता’ म्हणणाऱ्याला तो आयताच येतो.) यावर श्रुतलेखनाइतका खात्रीचा उपाय मला दुसरा आढळलेला नाही. रोज तीस सेकंद ऐकावे, लिहावे, मूळ मजकुराशी ताडून पाहावे, आणि चुका तारखेनिशी वहीत ठेवाव्यात. परीक्षेचे २०१२ आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेले अधिकृत सरावसंच ध्वनिफितींसह परीक्षेच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. परंतु ते आधी नमुना परीक्षा म्हणून सोडवावेत आणि नंतरच श्रुतलेखनासाठी वापरावेत.

परीक्षेत नसलेला भाग

जेएलपीटीत बोलणे नाही आणि लिहिणेही नाही. विद्यापीठातील विद्यार्थ्याला मात्र दोन्ही लागतात. परदेशात जपानी हा मुख्य विषय घेऊन पदवी करणाऱ्यांसाठी जपानच्या शिक्षण मंत्रालयाची सुमारे एका वर्षाची शिष्यवृत्ती आहे. दूतावासामार्फत होणाऱ्या तिच्या निवडीत मुलाखत असते, आणि तेथे बहुपर्यायी उत्तरे देता येत नाहीत.

आठवड्याला एक चारशे चौकटींचा कागद भरून लिहावा, एवढे बहुतेकांना पुरते. निबंधात वाक्याचे ‘देसु–मासु’ हे नम्र शेवट आणि ‘देआरु’ हा लेखी शेवट यांची सरमिसळ होणे ही नेहमीची चूक. ‘तोतेमो’ (खूप) आणि ‘दाकारा’ (म्हणून) हे बोलण्यातले शब्द ‘हिजोओ नि’ आणि ‘शितागात्ते’ यांच्या जागी येणे ही दुसरी. शिक्षकांना चुका दुरुस्त करू नका, फक्त अधोरेखित करा, अशी विनंती करावी आणि कागद स्वतः पुन्हा लिहावा. आदरार्थी भाषेबद्दल एकच सांगते. साहेब जागेवर नसताना बाहेरच्या माणसाचा फोन आला, तर आपण ‘साहेब बाहेर गेले आहेत’ असे आदरार्थी बहुवचन वापरतो. जपानी कार्यालयात तेच साहेब बाहेरच्यासमोर आपल्या घरचे ठरतात, म्हणून नावापुढे ‘सान’ हा आदराचा शब्द न लावता नुसते ‘तानाका वा गाइश्युत्सु शिते ओरिमासु’, म्हणजे जणू ‘तानाका बाहेर गेलाय’, असे म्हणावे लागते. हे वाक्य मराठी मनाला उद्धट वाटते आणि जिभेवर येता येत नाही. ते मोठ्याने पन्नास वेळा म्हणून जीभ सरावण्याला पर्याय नाही.

तरीही काटा हलत नसेल तर

दोन महिने हे सारे करूनही श्रुतलेखनाच्या वहीत चुकांची संख्या तेवढीच राहिली असेल, तर प्रथम मजकूर तपासावा. एका तीस सेकंदांच्या तुकड्यात पाचाहून अधिक शब्द अनोळखी असतील, तर तो कानाचा दोष नाही. पातळी एक पायरी खाली आणावी. चुका कमी होत असून गुण मात्र वाढत नसतील, तर परीक्षेचा दिवस पाहावा. विद्यापीठाच्या सत्र परीक्षा बहुधा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात, त्यामुळे जुलैच्या परीक्षेला सलग अभ्यासाचे निदान सहा आठवडे मिळतात आणि डिसेंबरच्या परीक्षेला जेमतेम दोन-तीन. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी डिसेंबर सोडून द्यायला सांगते. ते ऐकत नाहीत, पण सांगते.

माझ्या तिसऱ्या प्रयत्नात श्रवणात ३३ गुण आले आणि वाचन ३८ वरून ३५ वर घसरले, कारण चार महिने मी पेन्सिल हातातच धरली नव्हती. भाषाज्ञान ४१ चे ४२ झाले. ते जाड पुस्तक अजून कपाटात आहे, आणि त्याची शेवटची शंभर पाने आजही कोरी करकरीत आहेत.